झोपाळ्याच्या कड्या, वाळूची पिशवी आणि चाळीस किलो लोखंड : दहा हजारांत घरची व्यायामशाळा

मी सांगलीत एका शाळेत पी.टी. शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांचा, त्यातही आयांचा, एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, जिमला जायला जमत नाही, घरातच काय काय आणू?" विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा ट्रेडमिल असते. माझं उत्तर मात्र गेली कित्येक वर्षं एकच आहे. आधी ओढण्याची सोय करा, बाकीचं मागाहून बघू.

असं का, ते सांगते. ताकदीची कामं मोजकीच आहेत : ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, आणि उचललेलं घेऊन चालणं. ढकलायला जमीन पुरते. जोर काढा, गुडघे टेकवून काढा, हात ओट्यावर ठेवून काढा, एक रुपया लागत नाही. बैठकांचंही तसंच. सूर्यनमस्कारांचा गावोगाव प्रसार करणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आमच्या शेजारच्या मुलखातले, आणि सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढी जागा पुरते. पण ओढण्याच्या कामी जमीन उपयोगाची नाही. तिथे वर काहीतरी टांगलेलं लागतं. तालमीत त्यासाठी दोर असायचा, मल्लखांब असायचा. घरात यातलं काही नसतं, म्हणून घरी व्यायाम करणारी माणसं वर्षानुवर्षं फक्त ढकलत राहतात. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग तयार होतो, पाठ मागे पडते. त्यात ओट्याशी वाकून काम, मोबाइल, दुचाकी, संगणक, सगळं पुढेच झुकायचं. म्हणून पहिला खर्च पाठीसाठी.

आधी जागा

सहा फूट बाय सात फूट मोकळी जमीन पुरते. उताणं झोपून दोन्ही हात बाजूंना पसरा, कपाटाला किंवा पलंगाला लागले नाहीत म्हणजे झालं. मग पंखा बंद करून उभं राहा, हातात पाण्याची बाटली धरून हात सरळ वर न्या आणि जागच्या जागी हलकी उडी मारा. बाटली पात्याच्या जवळपास जरी गेली तरी ती जागा दोरीवरच्या उड्यांची नाही आणि डोक्यावर वजन नेण्याचीही नाही. पंख्यापासून दोन-अडीच फूट बाजूला सरका. ही तपासणी मी प्रत्येक घरात पहिली करून घेते, कारण घाम आला की पंखा लावलेलाच असतो आणि आपलं लक्ष वर नसतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्लॅबची काळजी असते. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो भार धरलेला असतो. पुढे मी जे सामान सांगणार आहे ते सगळं, वर तुम्ही स्वतः, त्या सहा बाय सातच्या जागेत याच्या खूप आत बसतं. धोका वजनाचा नाही, आपटण्याचा आहे. आपटल्याने फरशी तडकते आणि खालच्या घरातलं झोपलेलं बाळ उठतं. वजन खाली ठेवतानाही सावकाश ठेवायचं. स्नायूंना तर खाली नेण्याच्या या कामाचाही तेवढाच फायदा होतो.

फरशीवर काय घालायचं? बाजारात जोडणीच्या रंगीत फोमच्या फरश्या मिळतात. पोटाच्या व्यायामाला बऱ्या आहेत, पण वजन घेऊन उभं राहिलं की पाय दबतो आणि घोटा डुगडुगतो. सतरंजी चकचकीत फरशीवर सरकते. माझ्याकडे कन्व्हेअर बेल्टचा जुना पट्टा आहे. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, एमआयडीसी आहे, त्यामुळे भंगारवाल्यांकडे असे रबरी पट्टे येत असतात. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, तार बाहेर न आलेला तुकडा निवडा. घरी आणल्यावर साबणाच्या पाण्याने घासा आणि गच्चीवर चांगला आठवडाभर वाळवा, वास बराचसा जातो. हा पट्टा अवजड असतो म्हणून सरकत नाही. ज्यांच्याकडे असा पट्टा मिळत नाही त्यांनी दुकानातून साधी काळी रबरी चटई कापून घ्यावी.

टांगायचं कशाला

आता मुख्य काम. वर बघा, घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत का? आपल्याकडे पुष्कळ घरांत स्लॅब भरतानाच सळईत अडकवून या कड्या सोडलेल्या असतात. दोन मोठी माणसं आणि मांडीवर पोर एवढं वजन त्या वर्षानुवर्षं झेलतात. ज्या घरात त्या आहेत, तिथे निम्मी व्यायामशाळा आयतीच आहे, असं मी म्हणते.

तरी आधी तपासायचं. स्टुलावर चढून कडीचा आतला, साखळी घासते तो भाग बघा. तिथे लोखंड झिजून बारीक झालं असेल, गंजाचे पापुद्रे निघत असतील किंवा कडीभोवती स्लॅबला भेग असेल तर तिला हात लावू नका, गवंड्याला दाखवा. स्लॅब झाल्यावर मागाहून भोक पाडून बसवलेली कडी असेल तर ती बसवणाऱ्याला विचारून घ्या. आणि पंख्याच्या हुकाला कधीही, कितीही हलका मुलगा असला तरी, लोंबकळायचं नाही. तो पंख्यासाठी आहे.

दोन कड्यांत अंतर बरंच असतं, चार-पाच फूट. व्यायामाच्या रिंगा, म्हणजे पट्ट्यांनी टांगलेल्या आणि हाताने धरायच्या दोन गोल कड्या, एकमेकींपासून दीड-दोन फुटांवर हव्यात. म्हणून दोन्ही कड्यांतून साखळी सोडून तिच्यावर आडवा लोखंडी पाइप टांगायचा आणि रिंगांचे पट्टे त्या पाइपावर घ्यायचे. अंतर चार फुटांपर्यंत असेल तर एक इंची, जास्त असेल तर दीड इंची 'बी क्लास', म्हणजे मध्यम जाडीचा, पाइप घ्या. एक इंची म्हणून जो मिळतो त्याचा बाहेरचा व्यास 33 मिलिमीटरच्या वर भरतो. म्हणजे तो पंजात नीट बसतो, त्यालाच धरून लोंबकळताही येतं. पाइपाच्या दोन्ही टोकांना आरपार बोल्ट टाकून घ्या, म्हणजे साखळी घसरून बाहेर येणार नाही. हे काम कोणताही फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देतो. बाल्कनीत खुर्चीच्या झोपाळ्याची एकच कडी असेल तर दोन्ही पट्टे तिच्यातच घ्या. वर चढायला ते गैरसोयीचं, पण मागे झुकून ओढायला पुरेसं.

रिंगा लाकडी घ्या. घामाने प्लॅस्टिक निसटतं, लाकूड निसटत नाही. पहिल्या दिवशी स्वतः लटकण्याआधी गोणी टांगून रात्रभर ठेवा आणि सकाळी कडी, साखळी, बकल पुन्हा बघा. मग रिंगा छातीच्या उंचीला आणायच्या, धरायच्या, पाय थोडे पुढे न्यायचे, मागे झुकायचं आणि छाती रिंगांपर्यंत ओढून आणायची. जितके पाय पुढे तितकं काम अवघड. जिला अर्धा जोर जमत नाही तीही पहिल्या दिवशी हे करू शकते, आणि ज्या पहिलवानाला वीस चिनअप (बारला लोंबकळून हनुवटी बारच्या वर नेणं) सहज येतात त्यालाही पाय समोर स्टुलावर ठेवायला सांगितलं की घाम फुटतो. एकाच वस्तूवर सासूपासून नातवापर्यंत सगळ्यांचं काम होतं, म्हणून रिंगांवर माझा एवढा जीव आहे.

कड्या नाहीत? मग भिंत ओळखा. बारीक ड्रिलने एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल आली तर वीट. करडी आली आणि ड्रिल पुढे जाता जात नसेल तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई. पांढुरकी, पिठासारखी आली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर हलके ब्लॉक आहेत. अलीकडच्या इमारतींत हे ब्लॉक सर्रास असतात आणि साधा अँकर त्यांत काही दिवसांनी ढिला होतो. तिथे लोंबकळण्याचा बार लावू नका. बोळाच्या दोन्ही भिंती 9 इंची विटांच्या असतील तर पाइप दोन्हीकडे चार-चार इंच आत घालून सिमेंटने पक्का करता येतो. दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचे बार मिळतात. ते निव्वळ दाबावर उभे असतात. सोबतच्या वाट्या चौकटीच्या लाकडात स्क्रूने बसवणार असाल तरच घ्या, आणि ग्रॅनाइटच्या चौकटीत तर घेऊच नका.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही, तिथे रबरी बँड. बंद दारात अडकवायची गाठ सोबत मिळते. दार तुमच्या दिशेने उघडणारं नको, नाहीतर ओढताना उघडून अंगावर येईल. खिडकीचे गज भिंतीत गाडलेले असतील तर त्यांना बँड बांधायला हरकत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर स्क्रूने लावलेल्या जाळीला मात्र बांधू नका. बँड उन्हात ठेवला की चिरतो, आणि चिरलेला बँड तुटून डोळ्यावर बसतो. दर आठवड्याला ताणून बघा, बारीक भेग दिसली की टाकून द्या. तो दोनशे-तीनशे रुपयांचा असतो, डोळा नाही.

वाळू

लोखंड महाग आहे, वाळू जवळजवळ फुकट. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात सात-आठ किलो सहज मावते. आधी डबे भरून बघा, मग पिशवी करा.

पिशवीची कृती अशी. चाळलेली वाळू गच्चीवर कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर महिनाभरात कुबट वास येतो. रिकाम्या आट्याच्या जाड पिशव्यांत पाच-पाच किलो भरा, पूर्ण भरू नका, थोडी ढिली ठेवा. तोंड वळवून चिकटपट्टीने बंद करा. प्रत्येक पुडी आणखी एका पिशवीत उलटी घालून पुन्हा चिकटवा. अशा पुड्या कॅनव्हासच्या जुन्या किटबॅगमध्ये रचा. सैनिकी सामानाच्या दुकानात अशा बॅगा मिळतात, आमच्या भागात घरटी एखादा जण सैन्यात असल्यामुळे त्या माळ्यावरही सापडतात. आज तीन पुड्या, पुढच्या महिन्यात चार. वजन वाढवायची एवढी स्वस्त रीत दुसरी नाही.

पिशवी अंगाशी धरून बैठका मारा. जमिनीवरून छातीशी उचला, खांद्यावर टाका, दुसऱ्या खांद्यावर घ्या. गच्चीवर किंवा बोळात तिला कवटाळून चाला. वाळू आत हलत राहते, म्हणून पोट आणि कंबर सतत सावध राहतात. उचलताना पाठ सपाट, पिशवी दोन पायांच्या मध्ये, नितंब मागे. पाठ गोल होत असेल तर पिशवी दोन विटांवर किंवा पाटावर ठेवून तिथून उचला. आणि श्वास कोंडायचा नाही. उचलताना सोडायचा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं.

लोखंड किलोवर घ्या

डंबेलच्या जोड्या घेत बसू नका. चार किलोची, सहाची, आठची असं करत पैसे संपतात आणि जागाही. दोन डंबेल रॉड आणि सुट्या प्लेटा घ्या. एकूण चाळीस किलो : पाच किलोच्या चार, अडीचच्या चार आणि सव्वाच्या आठ. सव्वाच्या प्लेटा कंटाळवाण्या वाटतात, पण बायकांची आणि वाढत्या वयातल्या मुलांची प्रगती त्यांच्यावरच होते. अडीचच्या प्लेटा दोन्ही बाजूंना लावल्या की एकदम पाच किलोची उडी होते, आणि खांद्याच्या व्यायामात ती फार मोठी असते.

सेटमध्ये स्वस्त म्हणून मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लेटांच्या आत सिमेंट किंवा वाळू असते. त्या जाड असल्यामुळे रॉडवर थोड्याच मावतात, आणि आपटल्या की फुटतात. ओतीव लोखंड नातवंडांपर्यंत टिकतं आणि विकायचं झालं तरी किलोचा भाव येतो. म्हणूनच ते जुनं घ्यायलाही हरकत नाही. गावोगाव छोट्या जिम बंद पडतात आणि त्यांचं सामान निघतं. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुनं घेताना दोन गोष्टी बघा. सगळ्या प्लेटांची भोकं एकाच मापाची आणि तुमच्या रॉडला बसणारी हवीत, आणि प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून घ्यायची, कारण वर कोरलेला आकडा आणि खरं वजन यांत फरक निघतो. जवळजवळ सारख्या भरणाऱ्या दोन-दोन प्लेटांवर खडूने खूण करून जोड्या लावा. रॉडला फिरवायचे नट घ्या. स्प्रिंगचे लॉक डोक्यावर वजन नेताना सुटतात.

एक वेगळी शिफारस : मुद्गल, म्हणजे हातात धरून खांद्याभोवती फिरवायचे जड लाकडी सोटे. खांद्यांसाठी यासारखं साधन मी पाहिलेलं नाही. लाकडाचं कातकाम करणारा कारागीर गावात असेल तर त्याच्याकडून तीन-साडेतीन किलोची जोडी बाभळीची किंवा शिसवीची करून घ्या. मूठ गुळगुळीत हवी पण पॉलिश नको. पंख्याच्या खोलीत मुद्गल फिरवायचे नाहीत, गच्चीवर जायचं.

ट्रेडमिलबद्दल पुन्हा विचारतील म्हणून सांगून टाकते. आपल्या बजेटमध्ये येणारी ट्रेडमिल घेऊ नका. चालायला रस्ता आहे, चढायला जिना आहे, आणि दम लागण्यासाठी दीडशे रुपयांची दोरी आहे. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढा, त्या काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. पोट कमी करायचे पट्टे आणि फिरत्या चकत्या यांच्यावर एक पैसाही घालवू नका.

हिशोब

आमच्याकडच्या भावाने साधारण असा बसतो. जमिनीवरचा रबरी पट्टा 800, रिंगा 1500, दोन-तीन बँड मिळून 700, वाळूच्या पिशवीचं सामान 300, दोरी 150. हे झाले 3450, आणि एवढ्यावर पहिले तीन महिने नीट व्यायाम होतो. तेवढे दिवस टिकलात की मगच प्लेटा 4400 आणि रॉड 800. एकूण 8650. पाइप, साखळी आणि बोल्ट यांचे वेगळे धरा, ते भंगारात मिळतात की नवे घ्यावे लागतात यावर आहे. गावागणिक दर हलतील, पण क्रम हलवू नका.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगते. मी तीन दिवस सांगते, सोमवार, बुधवार, शुक्रवार, चाळीस मिनिटं. सुरुवातीला सहा सूर्यनमस्कार. मग रिंगांवर ओढणं आणि जोर आलटूनपालटून, चार-चार फेऱ्या. मग पिशवी घेऊन बैठका, मग पिशवी उचलणं, शेवटी ती घेऊन चालणं. प्रत्येक फेरीत आणखी दोन निघाले असते एवढा जीव शिल्लक ठेवून थांबायचं. आणि त्या दिवशी किती झाले ते भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचं : ओढ 8, जोर 6, पिशवी 15. दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी हा आकडा रोज सगळ्या घराला दिसतो, त्यामुळे घरातलं दुसरं कुणीतरी आपोआप सुरू करतं.

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही आणलेलं नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, हलक्या बँडने बसून ओढणं, आणि दोन्ही हातांत एक-एक लिटर पाण्याची बाटली घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत, म्हणून त्या देवासमोर दिवा लावून झाला की भिंतीशी एका पायावर उभ्या राहतात. हर्निया, हृदयविकार, नुकतंच बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि "व्यायाम करू का" असं न विचारता "पंधरा किलो उचलू का" असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं.

पावसाळ्यात प्लेटांना गंज धरतो. मृग लागायच्या आत त्या तारेच्या ब्रशने घासून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, कोकणात असाल तर दर महिन्याला. रिंगांना तेल लावायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायच्या. वाळूची बॅग भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल चढते, पाटावर ठेवा. साखळीची प्रत्येक कडी महिन्यातून एकदा बोटांनी चाचपून बघा.

दहा हजारांतले जे उरतील ते बाकासाठी ठेवा. तो लागतो, पण सगळ्यांत शेवटी. फॅब्रिकेशनवाल्याकडून 40 बाय 40 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचा करून घ्या : लांबी चार फूट, उंची सतरा इंच, रुंदी अकरा इंच. वर 18 मिलिमीटरचं प्लायवूड, पातळ फोम, रेक्झिन. जास्त रुंद केला तर आडवं झाल्यावर खांदे अडतात. दुकानातून उचलण्याआधी दोन्ही टोकांवर दोघांना बसवून बघा, आणि डुगडुगला तर पाय तिथल्या तिथे घासून समपातळीत करून मागा.